टायटॅनोसॉरस इंडिकस

टायटॅनोसॉरस इंडिकस : जबलपूर (मध्य प्रदेश) येथील बडा शिमला टेकडीतल्या जीवाश्मांवरून ठरवलेली डायनोसॉरची जाती. शास्त्रीय नाव मिळालेला भारतातील पहिला डायनोसॉर. काळ : उत्तर क्रिटेशस. आहार : वनस्पती.

शोध : ठगांच्या बंदोबस्तामुळे परिचित असलेले कॅप्टन विल्यम स्लीमन यांना १८२८ मध्ये येथे शेपटीचे दोन मणके मिळाले. डॉ. स्पिल्सबरी यांच्यामार्फत ते कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेप यांच्याकडे गेले. डायनोसॉर ही संज्ञाच रिचर्ड ओवेन यांनी १८४२ मध्ये दिली, त्यामुळे ही हाडे कोणाची हे तेव्हा कळणे शक्य नव्हते. पुढे एच. बी. मेडलिकॉट यांना जबलपूरलाच मांडीचे हाड मिळाले. मणके व हे हाड एकत्र धरून रिचर्ड लिडेकर यांनी १८७७ मध्ये नवी प्रजाती व जाती प्रसिद्ध केली. मणके आणि मांडीचे हाड एकाच जातीचे असल्याचे मात्र निर्विवाद नाही.

ओळखीची लक्षणे : मणक्याची पुढची बाजू वाटीसारखी खोल, मागची फुगीर गोल, एकाचा गोल भाग दुसऱ्याच्या खोलगटात बसतो. मणका दोन्ही कुशींकडून दाबल्यासारखा चपटा असतो. पिसदुरा (जि. चंद्रपूर) येथील मणके असे चपटे नसल्याने लिडेकर यांनी १८७९ मध्ये टा. ब्लॅनफोर्डाय ही वेगळी जाती केली. एवढ्याशा फरकावर जाती उभी करणे त्या काळी रूढ होते.

वर्गीकरणातील स्थान : पुढे अशाच घडणीचे मणके दक्षिण अमेरिका, मादागास्कर, युरोप येथेही मिळाले आणि अनेक जाती टायटॅनोसॉरस या प्रजातीत घातल्या गेल्या. जातीचे म्हणून धरलेले लक्षण अख्ख्या गटाचे निघाले. म्हणून जेफ्री विल्सन व पॉल अपचर्च यांनी २००३ च्या लेखात टा. इंडिकस हे संदिग्ध नाम ठरवले. गटाचे टायटॅनोसॉरिया हे नाव मात्र टिकले. डोंगरगाव (जि. चंद्रपूर) येथील टा. कोल्बर्टाय याच लेखात आयसिसॉरस झाला. त्याचा सांगाडा बराच मिळालेला असल्याने त्याची जाती भक्कम आहे. नवी जाती जाहीर करताना असा पुरावा हाती हवा.

मूळ नमुना : दीर्घकाळ बेपत्ता होता, अभ्यासकांना चित्रांवर व साच्यांवर भागवावे लागे. २०१२ मध्ये धनंजय मोहबे, शुभाशिष सेन व विल्सन यांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकाता येथील संग्रहात मूळ मणका पुन्हा सापडला. संदिग्ध नामाचाही नमुना जपावा लागतो, कारण पुढची प्रत्येक तुलना त्याच्याशीच करायची असते.

इतर जाती : चार्ल्स मॅटली यांनी बडा शिमला टेकडीतच उत्खनन केले. फॉन ह्यूने व मॅटली यांच्या १९३३ च्या ग्रंथात जबलपूरवरून नाव दिलेला जबलपुरिया हा डायनोसॉर आहे. तोही मोजक्या मणक्यांवर आधारलेला व आज संदिग्ध.