खाऱ्या पाण्यातील आउटबोर्ड इंजिनांची निगा

केरळ, तामिळनाडू आणि लक्षद्वीपच्या किनाऱ्यांवर लहान नौकांच्या मागील बाजूस बसविलेली आउटबोर्ड इंजिने हा मच्छिमारांचा मोठा आधार आहे. ही इंजिने समुद्राचेच पाणी आत खेचून थंड ठेवली जातात. एक किलो समुद्रजलात सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. इंजिन बंद झाल्यावर आतील पाणी वाळते आणि हे क्षार वाहिन्यांत साचतात. उष्ण हवामानात धातू गंजण्याची क्रियाही अधिक वेगाने होते.

त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर इंजिन पाण्याबाहेर उचलून त्याच्या वाहिन्या सुमारे १० मिनिटे गोड्या पाण्याने धुणे आवश्यक असते. बेटांवर गोडे पाणी दुर्मिळ असल्याने साठविलेले पावसाचे पाणी त्यासाठी उपयोगी पडते. इंजिन सुरू असताना बाहेर पडणारी पाण्याची बारीक धार क्षीण झाल्यास पंपातील रबरी इम्पेलर झिजला आहे किंवा वाहिनी तुंबली आहे, असे समजून इंजिन बंद करावे.

जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड स्वतः झिजून इंजिनाच्या धातूचे रक्षण करतात. ते निम्मे झिजताच बदलावेत. त्यांना रंग देऊ नये. मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड केवळ गोड्या पाण्यासाठी असतात. गिअर ऑईल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, असे मानून सील तपासावे.

भर समुद्रात इंजिन बंद पडलेली नौका वारा आणि प्रवाहाच्या स्वाधीन होते. इंजिनाची निगा हा म्हणूनच मच्छिमारांच्या जीविताच्या सुरक्षेचाही प्रश्न आहे.