शब्दवेध : जप्ती

'जप्ती' अरबी 'ज़ब्त'वरून आली. मूळ अर्थ आवरून धरणे. अकबराच्या काळी जमीन मोजून सारा ठरवण्याच्या पद्धतीलाही 'ज़ब्ती'च म्हणत. 'कर्ज'ही अरबीच, आणि त्याच्या धातूचा अर्थ कापणे! 'पगार' मात्र पोर्तुगीज, म्हणजे देणे. तेव्हा कर्जापायी पगार कापला गेला, तर शब्दांची तरी तक्रार नसावी.

कायदा मात्र सगळा पगार कापू देत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुटतात; ३१,००० रुपयांतून १०,०००च जप्त होऊ शकतात. मजुराची मजुरी तर पूर्ण वाचते. पोटगीचा हुकूमनामा असेल, तर एक-तृतीयांशच सुटतो. न्यायालयाकडे फेडीसाठी हप्तेही मागता येतात. पण हुकूमनाम्यानंतर हप्त्यांना धनकोची संमती लागते, म्हणून समन्स येताच हजर व्हावे.