वसई प्रांतींचा भात

सयामी भाषेंत ‘जेवणें’ या अर्थीं ‘भात खाणें’ असाच वाक्प्रचार आहे. गव्हाच्या प्रांतांतील वाचकांस याची मौज वाटेल. वसईकरास मात्र त्यांत नवल वाटावयाचें नाहीं. सकाळची पेज, दुपारचा भात आणि रात्रीं तांदळाचीच भाकरी, हा क्रम येथल्या शेतकऱ्याच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या चालत आला.

या धान्याचा व्यापारहि जुना. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत सोपाऱ्याचें नांव बंदरांच्या मालिकेंत आढळतें, आणि भडोचकडील मुलुखांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यास जाणाऱ्या जिनसांत गहूं, तूप व तिळेल यांच्या जोडीला तांदूळ सांगितला आहे. पुढें १५३४ सालीं वसईवर पोर्तुगीजांचा अंमल बसला. त्यांनीं देवळें उभारलीं, किल्ला वाढविला. पण वसूल मोजावयाचा तर मुड्यांनींच! (मुडा म्हणजे पेंढ्यांत बांधलेलें धान्याचें गाठोडें, हें आमच्या शहरी मित्रांस सांगावें लागेल.) १५५४ सालीं सिमांव बोतेल्यु यानें केलेल्या महसूलनोंदींत ‘मुरा’ हें माप आणि ‘बाते’ हें धान्य येतें; ते आमचेच मुडा आणि भात. जेत्यांच्या दप्तरांत जितांच्या शेतांतला शब्द असा जाऊन बसावा, यांत आम्हांस इतिहासाचा मोठा विनोद दिसतो.

१७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं किल्ला घेतला. राज्य फिरलें, शेत फिरलें नाहीं. कोंकणांतील हिंदु घरीं दसऱ्याच्या सुमारास भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात. उत्तर कोंकणच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजांत ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं ‘आगेरा’ होतो, तेव्हां तशाच लोंब्या आशीर्वादासाठीं चर्चमध्यें नेतात. पूर्वेकडील डोंगरपट्टींत वारल्यांची कणसरी देवी, तीहि धान्याचीच. आणि लग्नाचा चौक भिंतीवर काढावयाचा तो तांदळाच्या पिठानेंच.

हें पीक सुखासुखीं येत नसे. रोप टाकण्यापूर्वीं डहाळ्या, पालापाचोळा व शेण वाफ्यावर पसरून जाळावयाचें, यास ‘राब’ म्हणतात. इंग्रजी जंगलखात्यानें डहाळ्या तोडण्यावर निर्बंध घालतांच ठाणें जिल्ह्यांत एवढी ओरड झाली कीं, १८८५ सालीं सरकारास चौकशीसाठीं कमिशन नेमावें लागलें. साहेबांस जी नासधूस वाटली तिच्यामागें शेतकऱ्याचा पिढीजात अनुभव होता: राबानें तण मरतें, वाफ्यास राख मिळते आणि रोप जोमानें उठतें. जंगल वांचविण्याचा हेतु आम्ही वाईट म्हणत नाहीं. पण ज्याचें पोट त्या वाफ्यावर अवलंबून त्यास आधीं विचारावयास नको होतें काय?

२०२१ सालीं वाडा कोलम तांदळास भौगोलिक मानांकन मिळालें, याचा आम्हांस आनंदच आहे. वसई-विरारकडे मात्र मानांकनापुरतेंहि शेत शिल्लक न राहण्याचा रंग दिसतो. भाताच्या खाचरांत पावसाचें पाणी बांधाआड थांबे. तेथें भराव घालून इमारती उठल्या. २०१८ च्या जुलैंत नालासोपाऱ्याजवळ रूळ पाण्याखालीं गेले आणि आगगाड्या वाटेंतच उभ्या राहिल्या. जें पाणी पूर्वीं रोपांच्या मुळाशीं मुरे, तें आतां जिन्याच्या पायऱ्या चढूं लागलें आहे.