मूत्राशयाचा संसर्ग
मूत्रमार्गातून वर चढलेल्या जीवाणूंमुळे मूत्राशयाला येणारी सूज. बहुतेकदा कारण आतड्यातील ई. कोलाय. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंमी. असल्याने त्यांना हा त्रास अधिक. लघवीला जळजळ, वारंवार लागणे, ओटीपोटात दुखणे ही लक्षणे. थंडीताप आणि कुशीत वेदना असल्यास संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेल्याची शंका घ्यावी. प्रतिबंधाचा सारा भार स्त्रीच्या स्वच्छतेवर टाकला जातो, तो अन्यायाचा आहे. वारंवार संसर्ग होणाऱ्या, कमी पाणी पिणाऱ्या १४० स्त्रियांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज दीड लिटर जादा पाण्याने संसर्ग सुमारे निम्म्यावर आला. पण अंबरनाथ-बदलापूर दरम्यानच्या चिखलोलीतून मुंबईला निघालेली स्त्री पाणी पिणार कशी? लोकलमध्ये स्वच्छतागृह नाही, स्थानकावरच्याची खात्री नाही; म्हणून ती तहान मारते. मुंबईतील ‘राइट टू पी’ चळवळीने २०११ पासून हाच प्रश्न लावून धरला. लघवी रोखल्याने संसर्ग होतो याचा पुरावा पक्का नाही, हा आक्षेप रास्त आहे. पण कमी पाण्याचा पुरावा त्याने ढळत नाही, आणि पाणी टाळण्यामागे स्वच्छतागृहाचा अभावच असतो.

उपचार प्रतिजैविकांनी होतो. भारतात ई. कोलाय सिप्रोफ्लॉक्सॅसिनला मोठ्या प्रमाणावर दाद देत नाही, त्यामुळे साध्या संसर्गात नायट्रोफ्युरँटॉइन किंवा फॉस्फोमायसिन डॉक्टरी सल्ल्याने देतात. औषधदुकानातून परस्पर गोळ्या घेणे घातक. गरोदरपणात, मधुमेहात, पुरुषांत किंवा संसर्ग उलटल्यास आधी लघवीचे कल्चर करावे.