मुंद्रा प्रकरण: लोकांसमोर झालेली चौकशी

आजची गोष्ट १९५७ सालची.

आदल्याच वर्षी भारत सरकारने आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण करून आयुर्विमा महामंडळ स्थापन केलं होतं. शाळामास्तर, कारकून पोटाला चिमटा काढून हप्ते भरत. त्या पैशातून जून १९५७मध्ये महामंडळाने हरिदास मुंद्रा या उद्योजकाच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे शेअर्स घेतले. स्वतःच्या गुंतवणूक समितीला न विचारता!

डिसेंबरात लोकसभेत हा विषय लावून धरला फिरोज गांधींनी. ते सत्ताधारी काँग्रेसचेच खासदार, शिवाय पंतप्रधान नेहरूंचे जावई. पण त्यांनी कुणाचा मुलाहिजा ठेवला नाही.

चौकशी सोपवली गेली मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्याकडे. त्यांनी ती मुंबईत, जाहीरपणे घेतली. गर्दी इतकी, की बाहेर लाउडस्पीकर लावावे लागले. अर्थमंत्री आणि अर्थसचिव काय उत्तरं देतात, हे लोकांनी आपल्या कानांनी ऐकलं. सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असं छागलांनी अहवालात स्पष्ट सांगितलं. फेब्रुवारी १९५८मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

आमच्या आयटीत काही बिघडलं की "ते खालच्या टीमने केलं" हे उत्तर तयारच असतं. छागलांनी ती पळवाटच बंद केली. घोटाळा झाला म्हणून विश्वास डळमळतो खरा, पण तो कायमचा उडतो हिशेब दडवल्यावर. ज्यांचा पैसा, त्यांच्यासमोर हिशेब, एवढं साधं सूत्र होतं ते.