गॅलनपासून मैलापर्यंत : रस्त्याच्या कराची शंभर वर्षे

अमेरिकेच्या वायव्य भागात, पॅसिफिक महासागराच्या काठी ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. पेट्रोलवर गॅलनमागे एक सेंट कर बसवण्याचा कायदा या राज्याने फेब्रुवारी १९१९ मध्ये केला. असा कर लावणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य होते. याच राज्याने १ जुलै २०१५ पासून स्वेच्छेने पुढे येणाऱ्या मोटारमालकांकडून जाळलेल्या पेट्रोलऐवजी कापलेल्या मैलांवर कर घेण्याची व्यवस्था सुरू केली, आणि मोटारींच्या बाबतीत हा मानही त्यालाच मिळाला. आपणच जन्माला घातलेल्या कराचा उत्तराधिकारी शोधण्याची वेळ शंभर वर्षांच्या आत त्याच राज्यावर यावी, ही करांच्या इतिहासातील लक्षणीय घटना आहे. ती का आली, हे समजून घेणे आपल्यालाही उपयोगाचे आहे.

प्रथम इंधनकराचे मर्म पाहू. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील रस्ते बहुतांशी मालमत्ताकरावर पोसले जात. मोटारी वाढल्या तसा प्रश्न उभा राहिला, की रस्ते झिजवणारा एक आणि पैसे भरणारा दुसरा, हे कसे चालावे? जो वापरील त्याने भरावे, हे तत्त्व सर्वांना मान्य होते. पण वापर मोजायचा कसा? प्रत्येक चौकात नाका बसवणे परवडणारे नव्हते आणि गाडीतल्या अंतरमापकावर विश्वास ठेवणे शहाणपणाचे नव्हते. अशा वेळी पेट्रोल हे सोयीचे माप हाती आले. जो अधिक फिरतो तो अधिक पेट्रोल जाळतो. ज्याची गाडी जड, त्याचेही पेट्रोल अधिक जळते. शिवाय हा कर लाखो वाहनचालकांकडून गोळा न करता मोजक्या घाऊक विक्रेत्यांकडून वसूल करता येत असे. वसुलीचा खर्च नगण्य, चुकवेगिरीला वाव कमी, आणि भरणाऱ्याला आपण कर भरतो आहोत याची जाणीवही होत नसे. अवघ्या दहा वर्षांत, म्हणजे १९२९ पर्यंत, तेव्हाच्या सर्व ४८ राज्यांनी हा कर स्वीकारला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. पेट्रोल हे रस्त्याच्या वापराचे प्रत्यक्ष माप कधीच नव्हते. ते त्या मापाच्या जागी बसवलेले प्रतिनिधी होते. प्रतिनिधी आणि मूळ यांची संगत टिकून होती तोवर कोणाची तक्रार नव्हती. १९५६ मध्ये आयझेनहॉवर यांच्या कारकिर्दीत आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणण्याचे ठरले, तेव्हा संघराज्याचा पेट्रोलकर गॅलनमागे तीन सेंट करून तो स्वतंत्र महामार्ग निधीत जमा होऊ लागला. त्या निधीतून उभे राहिलेले रस्ते आजही त्या देशाचा कणा आहेत.

पुढे ही संगत दोन बाजूंनी सुटू लागली. एक तर हा कर किमतीच्या टक्केवारीत नसून गॅलनमागे ठरावीक सेंटांत होता. १९९३ मध्ये संघराज्याचा दर १८.४ सेंट झाला, आणि त्यानंतर कोणत्याही पक्षाला तो वाढवण्याचे धैर्य झाले नाही. महागाईने त्याचे मोल वर्षानुवर्षे कुरतडले. दुसरीकडे गाड्या कमी इंधनात अधिक धावू लागल्या, मग संकरित गाड्या आल्या आणि शेवटी पेट्रोल मुळीच न पिणाऱ्या विजेच्या गाड्या आल्या. २००८ मध्ये महामार्ग निधी रिता होण्याच्या बेतात आला आणि सर्वसाधारण तिजोरीतून त्यात आठ अब्ज डॉलर ओतावे लागले. तेव्हापासून असे टेकू पुन्हा पुन्हा द्यावे लागले आहेत.

तुटवड्यापेक्षा मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो यातील अन्याय. नवी, महागडी विजेची गाडी घेणारा रस्त्यासाठी इंधनकराचा एक छदामही देत नाही, आणि जुनी गाडी घेऊन दूरवरच्या कामावर जाणारा मजूर पूर्ण कर भरतो. जो वापरील त्याने भरावे हे तत्त्व येथे उलटे होऊन बसते.

ऑरेगॉनने हे संकट लवकर ओळखले. तेथील विधिमंडळाने २००१ मध्ये एक कृतिदल नेमले. २००६-०७ मध्ये पोर्टलंड परिसरात सुमारे २८५ गाड्यांवर प्रयोग झाला. गाडीतील यंत्र पंपाला मैल कळवी. पंपावरच्या बिलातून पेट्रोलकर वजा होई आणि मैलकर मिळवला जाई. यंत्रे चालली, हिशेब जुळला. अडले ते दुसरीकडेच. आपण कोठे जातो, हे सरकारला कळणार, या विचाराने नागरिक अस्वस्थ झाले. म्हणून २०१३ च्या कायद्याने रचना बदलली. उपग्रहाशी जोडलेले यंत्र घ्यावे की केवळ अंतर मोजणारे, हे नागरिकाने ठरवायचे. हिशेब खासगी कंपनीकडेही ठेवता येईल. आणि प्रवासाच्या ठिकाणांची माहिती काम संपल्यावर तीस दिवसांत नष्ट करायची. सुरुवातीला पाच हजार स्वयंसेवकांची मर्यादा आणि मैलाला दीड सेंट असा दर होता. यंत्राचा प्रश्न अभियंत्यांनी सोडवला होता. विश्वासाचा प्रश्न मात्र कायद्याच्या कलमांनी सोडवावा लागला.

न्यूझीलंडची वाट याहून जुनी आहे. आमच्या वाचकांपैकी जे ऑकलंडला किंवा वेलिंग्टनला राहतात, त्यांना गाडीच्या काचेवर लावायचा किलोमीटरांचा परवाना परिचित असेल. तेथे डिझेल मोठ्या प्रमाणावर ट्रॅक्टर आणि बोटींत वापरले जाते. त्यावर रस्त्याचा कर लावणे अन्यायाचे ठरले असते. म्हणून १९७७ चा कायदा करून डिझेलच्या वाहनांवर अंतराचा कर बसवण्यात आला. मालकाने हजार किलोमीटरच्या पटीत परवाना आगाऊ विकत घ्यायचा. जड वाहनांचा दर त्यांच्या वजनानुसार चढत जातो, आणि त्याला शास्त्रीय आधार आहे. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेतील इलिनॉय राज्यात झालेल्या चाचणीतून असे दिसले, की आसावरचा भार दुप्पट झाला तर रस्त्याची झीज सुमारे सोळा पट होते. डिझेलच्या खपात हा फरक कधीच उमटत नाही. ही व्यवस्था आधीच रुळलेली असल्यामुळे, १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या हलक्या गाड्यांना हजार किलोमीटरमागे ७६ न्यूझीलंड डॉलर लागू करताना त्या देशाला नवे काही उभारावे लागले नाही.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनचे. १९०९ मध्ये लॉइड जॉर्ज यांनी पेट्रोलवर कर बसवला तो रस्त्यांसाठी राखून ठेवण्याच्या वचनावर. पुढे रस्ता निधी स्थापन झाला. १९२६ पासून अर्थमंत्री चर्चिल यांनी त्या निधीत हात घातला, आणि १९३७ पर्यंत वाहनकर व रस्ता यांचे कायदेशीर नाते संपुष्टात आले. सत्तर वर्षांनी, २००७ मध्ये, अंतरानुसार शुल्काची कल्पना पुढे येताच सुमारे अठरा लाख नागरिकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या. त्यांना जुना इतिहास पाठ होता, असे मी म्हणणार नाही. पण रस्त्याच्या नावाने घेतलेला पैसा रस्त्यावर जातोच असे नाही, हा अनुभव पिढ्यानपिढ्या मुरलेला असतो. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात विजेच्या गाड्यांवर एप्रिल २०२८ पासून मैलाला तीन पेन्स आकारण्याची घोषणा झाली, तेव्हा गाडीचा माग ठेवणारे यंत्र बसवले जाणार नाही, असे सरकारला आवर्जून सांगावे लागले.

आता आपल्या देशाकडे वळू. १९२७ मध्ये नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. मोठे रस्ते हे प्रांतांच्या कुवतीबाहेरचे राष्ट्रीय काम आहे आणि त्याचा खर्च मोटार वाहतुकीने उचलावा, असा समितीचा विचार होता. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे अधिभार बसून केंद्रीय रस्ता निधी जन्मास आला. पुढे पेट्रोलवरील कर वाढत गेले. परंतु त्यांचा मोठा भाग सर्वसाधारण महसुलात जात राहिला आणि निधी नावापुरता उरला. १९९८ मध्ये पेट्रोलवर व १९९९ मध्ये डिझेलवर लिटरला एक रुपया उपकर बसला आणि २००० च्या कायद्याने त्या निधीला नवे बळ मिळाले. राष्ट्रीय महामार्ग आणि ग्रामीण रस्ते त्यावर उभे राहिले. २०१८ मध्ये निधीच्या नावात ‘पायाभूत सुविधा’ हे शब्द आले आणि त्याचे उद्देशही विस्तारले.

सप्टेंबर २०२४ मध्ये राष्ट्रीय महामार्ग शुल्काच्या नियमांत दुरुस्ती होऊन उपग्रहाच्या साहाय्याने अंतरानुसार शुल्क घेण्याची तरतूद झाली. मात्र मे २०२५ पासून ती देशभर लागू होणार या बातम्यांचा मंत्रालयाने इन्कार केला. तो टोलचा प्रश्न झाला. इंधनाच्या उपकराची जागा अंतराचा कर घेऊ शकेल का, हा त्याहून मोठा प्रश्न आहे, आणि तो प्रथम संविधानाचा आहे. पेट्रोलवरील उत्पादनशुल्क केंद्राचे, त्यावरील विक्रीकर राज्याचा. वाहनांवरील कर आणि पथकर राज्यसूचीत, तर राष्ट्रीय महामार्ग संघसूचीत. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये विजेच्या गाड्यांवर किलोमीटरनुसार आकारणी सुरू केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेथील उच्चतम न्यायालयाने ती राज्याच्या अधिकाराबाहेरची ठरवून रद्द केली. आपल्याकडे केंद्र आणि राज्ये यांचा करार आधी झाला नाही, तर तोच प्रसंग ओढवेल. शिवाय आपल्या रस्त्यांवर दुचाकींची बहुसंख्या आहे. सरसकट एकच दर लावला, तर कारखान्यात जाणाऱ्याची स्कूटर आणि वीस टनांचा ट्रक एका तागडीत बसतील.

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सीमेवरचा अधिकारी, म्हणजे अंतपाल, मालाच्या प्रत्येक वाहनाकडून ‘वर्तनी’ नावाचा मार्गकर घेतो. ती सव्वा पण असावी, इतका नेमका दर तेथे दिला आहे. पण त्या दरापाठोपाठ आणखी एक आज्ञा येते : वाटेत व्यापाऱ्याचा माल हरवला किंवा चोरीस गेला, तर त्याची भरपाई याच अंतपालाने करावी. मार्गाचा कर घेणाऱ्यावर मार्गाचे दायित्व येते. किलोमीटर मोजणारी यंत्रे आता स्वस्त झाली आहेत आणि उद्या आणखी स्वस्त होतील. त्यांतून आलेला पैसा कोणत्या रस्त्यावर खर्च झाला, हे तितक्याच नेमकेपणाने नागरिकासमोर मांडणारा हिशेब आपण कायद्यात लिहिला, तरच हा कर लोक आपला म्हणून भरतील.