आम्लाने सक्रिय केलेली माती : तेलशुद्धी आणि तिचे मोल

कच्चे पाम तेल तांबूस केशरी असते. घरात येते ते फिकट पिवळे. या बदलात मोठा वाटा मातीचा आहे. मुलतानी माती लोकरीतील तेलकटपणा काढण्यासाठी फार पूर्वीपासून वापरली जात असे. तेल कारखान्यांत मात्र मुख्यतः आम्लप्रक्रिया केलेले बेंटोनाइट लागते. भारतात त्याचे मोठे साठे गुजरातमधील कच्छ आणि राजस्थानातील बारमेर परिसरात आहेत.

बेंटोनाइटमधील मुख्य खनिज मोंटमोरिलोनाइट हे पातळ थरांचे बनलेले असते. ते सल्फ्युरिक किंवा हायड्रोक्लोरिक आम्लात तापवले असता थरांमधील कॅल्शियम व सोडियमची जागा हायड्रोजन आयन घेतात. पुढे थरांतील ॲल्युमिनियम, लोह व मॅग्नेशियमचा काही अंश विरघळून सूक्ष्म छिद्रे पडतात. एका ग्रॅम मातीचे पृष्ठफळ दोनशे ते तीनशे चौरस मीटरपर्यंत वाढते, म्हणजे जवळपास टेनिसच्या मैदानाएवढे. येथे संयम महत्त्वाचा आहे. आम्ल अधिक झाले तर थर कोसळतात, केवळ सिलिका उरते आणि मातीचा गुण नाहीसा होतो.

तेलात ही माती साधारण अर्धा ते दोन टक्के मिसळून निर्वात स्थितीत ९० ते ११० अंश सेल्सियसला ढवळतात. हरितद्रव्य, कॅरोटीन, साबणाचे अंश व धातू मातीला चिकटतात आणि गाळणीत अडकतात.

पाण्यातील तेल काढण्यासाठी प्रक्रिया वेगळी असते, कारण नैसर्गिक माती जलप्रेमी असते. चतुर्थक अमोनियम क्षारांनी तिला तेलप्रेमी केले जाते. सांडपाण्यातील तेलाने सक्रिय कोळशाची छिद्रे बुजू नयेत, म्हणून कोळशाच्या आधी अशा मातीचा थर ठेवतात.

मात्र शुद्धीकरणाचे ओझे कोठेतरी उतरतेच. माती धुतलेले पाणी आम्लयुक्त असते. गाळून उरलेल्या मातीत २० ते ४० टक्के तेल राहते. हवेशी संयोग होऊन असा ढीग आपोआप पेटू शकतो. वापरलेले वंगण तेल आम्ल व मातीने शुद्ध करण्याची जुनी पद्धत तर आम्लयुक्त काळा गाळ मागे ठेवते. तिच्याऐवजी निर्वात ऊर्ध्वपातन करून शेवटी मातीचा वापर करणे, हा पर्याय त्या मानाने सुरक्षित मानला जातो. तरीही त्यातून उरणाऱ्या तेलकट मातीची गणना घातक कचऱ्यातच होते.